कुत्रा पाळावा की कुत्री?

मी येरवड्याहून बोलते आहे. इथल्या वस्त्यांमधल्या बचत गटांचं काम मी बघते. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, बँकेच्या कागदांवर सह्या झाल्या की बैठकीत घरचे विषय निघतात. दिवाळीच्या आसपास त्यातला एक विषय हमखास असतो. गल्लीत कुठेतरी कुत्री व्यायलेली असते आणि कुणीतरी विचारतं, "ताई, गावाकडं राखणीला एक पिल्लू पाठवायचंय. कुत्रा पाठवू का कुत्री?"

विचारणारीचं उत्तर बहुतेक ठरलेलंच असतं. कुत्राच पाहिजे. नर पिल्लं आठ-पंधरा दिवसांत संपतात. कुणी माहेरी नेतं, कुणी दिराच्या शेतावर, एसटीत पिशवीत घालून. मादी पिल्लं मागे राहतात. पुढे तीही पिशवीतूनच जातात, पण नदीकाठाला किंवा बाजाराच्या मागे सोडून द्यायला. गावाकडेही हेच चालतं. तिथे नदीकाठाऐवजी ओढा असतो किंवा दुसऱ्या गावची शीव. म्हणून आज हाच विषय घेतला. कुत्री नको म्हणताना आपण जी कारणं सांगतो त्यातलं एकच खरं आहे, आणि त्यावर उपाय आहे.

आधी साधी गोष्ट. पिल्लू नर की मादी हे ओळखायचं कसं? पुष्कळ जणी पोटावरची बोंडं बघतात आणि "ही मादी" म्हणून मोकळ्या होतात. बोंडं नरालाही असतात, त्यावरून काही कळत नाही. पिल्लू तळहातावर अलगद उताणं धरा. बेंबीच्या थोडं खाली, पोटाच्या मध्यावर छोटा उंचवटा आणि त्याला भोक दिसलं तर तो नर. पोट तिथे सपाट असेल आणि शेपटीखाली, मागच्या दोन पायांच्या मध्ये पानाच्या आकाराची छोटी चीर दिसली तर ती मादी. नराच्या गोळ्या जन्मतः हाताला लागत नाहीत, साधारण दोन महिन्यांपर्यंत खाली उतरतात. सहा महिन्यांनंतरही एक किंवा दोन्ही उतरल्या नसतील तर डॉक्टरांना दाखवायचं, कारण पोटात राहिलेल्या गोळीत पुढे गाठ होण्याचा धोका असतो.

ओळखण्यातली चूक कुत्र्याच्या बाबतीत फार महाग पडत नाही, कारण महिन्या-दोन महिन्यांत दिसायलाच लागतं. पिंजऱ्यातल्या प्राण्यांचं तसं नाही. आमच्याकडे शहरातली मुलं हल्ली हॅमस्टर मागतात. उंदरासारखा, गुबगुबीत, बिनशेपटीचा वाटणारा प्राणी असतो. दुकानदार "दोन्ही मादी आहेत" म्हणून जोडी देतो आणि तीन आठवड्यांत पिंजऱ्यात डझनभर लाल गोळे दिसतात, कारण मोठ्या जातीच्या हॅमस्टरची मादी अवघ्या 16 दिवसांत विते. सशाला महिना लागतो. हॅमस्टरपुरतं उत्तर सोपं आहे: ही मोठी जात एकटीच राहणारी, जोडीत एकमेकांना फाडते. नर आणा की मादी, एकच आणा आणि एकटाच ठेवा, म्हणजे प्रश्न मिटला. कुत्रा मात्र पिंजऱ्यात राहत नाही. तो दारात, रानात, गावात फिरतो, म्हणून तिथे जास्त विचार करावा लागतो.

आता कारणं बघू. पहिलं कारण असं सांगतात की कुत्रा राखण करतो, कुत्री करत नाही. हे खरं नाही. भुंकणं, अनोळखी माणसावर धावणं, रात्री कान टवकारून पडणं हे दोघंही करतात. राखण चांगली होते ती पिल्लू कसं वाढलं त्यावरून. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या काळात पिल्लू जे बघतं ते त्याच्या अंगवळणी पडतं. या दिवसांत त्याला शेळ्या-करडं, कोंबड्या, घरातली लहान मुलं, मोटारसायकलचा आवाज, घुंगटवाल्या पाहुण्या, काठीवाले आजोबा सगळं दाखवायचं. नुसतं साखळीला बांधून ठेवलेलं पिल्लू मोठेपणी एकतर भित्रं होतं नाहीतर चावरं, मग ते नर असो वा मादी. आणि आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नका. लवकर तोडलेल्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा याचा अंदाज येत नाही, कारण तो अंदाज ते भावंडांशी खेळताना शिकतं.

उलट राखणीच्या बाबतीत नराचीच एक खोड आड येते. वयात आलेला, ऑपरेशन न केलेला कुत्रा घरी टिकत नाही. कुठे मादी माजावर आली की त्याला लांबवरून वास लागतो, आणि मग तुमची भाकरी, तुमचं दार, तुमच्या शेळ्या त्याला दिसत नाहीत. चार-चार दिवस गायब राहतो. परत येतो तेव्हा कान फाटलेला, पायाला चावे, जखमेत किडे. काही परत येतच नाहीत, रस्त्यावर गाडीखाली जातात. गाडीचं चाक, उंबऱ्याचा कोपरा, धान्याचं पोतं, जिथे तिथे पाय वर करून हद्द आखतो ते वेगळंच. तुमच्यापैकी ज्यांच्या दारात मोत्या, खंड्या, वाघ्या होऊन गेला त्यांनी आठवून बघा, किती जण म्हातारपणाने गेले.

नावांवरून एक सुचलं. कुत्र्याची नावं विचारली तर आपल्याला धडाधड पाच-सात आठवतात. कुत्रीचं नाव विचारलं की बैठकीत शांतता. त्यात "कुत्री" हा शब्दच शिवीसारखा वापरतात, म्हणून शाळकरी मुलीला "आमच्याकडे कुत्री आहे" म्हणायचीही लाज वाटते. मग ती "आमचा कुत्रा" म्हणते आणि पुढे "ती" म्हणते. असो.

खरं कारण एकच. कुत्री विते.

कुत्रीचा पहिला माज सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान येतो. पुढे साधारण सहा-सात महिन्यांनी परत. आपल्या गावठी कुत्र्यांचा मुख्य हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस असतो. भाद्रपद आणि कुत्री यांची सांगड आपल्या बोलीत घालतात ती उगाच नाही. गाभणपण दोन महिन्यांचं, नेमकं सांगायचं तर 63 दिवसांच्या आसपास. म्हणून भाद्रपदात लागलेली कुत्री कार्तिकात पिल्लं घालते, आणि दिवाळीला प्रत्येक गल्लीत एकतरी टोपली दिसते. एका वेताला चार-सहा पिल्लं. गंमत म्हणजे एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून एक काळं, एक तांबडं, एक ठिपक्यांचं निघतं.

माज एकूण तीन आठवडे चालतो, आणि इथेच बहुतेक घरं फसतात. पहिले सात ते दहा दिवस मागची जागा सुजते आणि रक्त गळतं. या दिवसांत नर मागे लागतात पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. मग रक्त फिकट होतं, थांबल्यासारखं वाटतं. घरातले म्हणतात, संपलं एकदाचं, आणि साखळी सोडतात. खरे धोक्याचे दिवस तेव्हा सुरू होतात, कारण ती आता नराला जवळ घेते. रक्त दिसलेल्या पहिल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून पूर्ण 21 दिवस, जमलं तर 24 दिवस, तिला दाराआड ठेवा. लघवीला नेताना हातात दोरी धरूनच न्या. साखळीने अंगणात बांधून उपयोग नाही, नर अंगणातच येतात.

आणि मैत्रिणींनो, आपण करतो काय? रक्त गळतंय, घाण होतेय, देवाचं घर आहे, म्हणून त्याच दिवसांत तिला घराबाहेर काढतो. ही रीत कुठून आली ते तुम्हाला मी सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणी चार दिवस पडवीत बसलेल्या आहेत. बाई बाहेर बसली तर तिला त्रास व्हायचा, अपमान व्हायचा. कुत्री बाहेर बसली की गाभण राहते. मग दोन महिन्यांनी आपणच म्हणतो, "मादी पाळायची म्हणजे कटकट." जुन्या साडीच्या घड्या, एक कोपरा, रोज एकदा पुसणं, एवढ्यावर तीन आठवडे निघतात. आणखी एक, नर-मादी जुळल्यावर थोडा वेळ अडकून राहतात. ते आपोआप सुटतात. पोरं दगड मारतात, गरम पाणी टाकतात, काठीने ओढतात, त्याने दोघांनाही गंभीर इजा होते. आपल्या मुलांना हे स्पष्ट सांगा, लाजू नका.

आता या पिल्लांचं पुढे काय होतं? कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या 95 वेतांमधल्या 364 पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. वयात येईपर्यंत शंभरातली फक्त 19 जगली. मेलेल्यांपैकी 63 टक्के पिल्लांच्या मरणात माणसाचा हात होता, म्हणजे गाडीखाली येणं, मारणं, उचलून नेणं असं. सोडून दिलेलं पिल्लू "कुठेतरी जगेल" असं आपण मनाला सांगतो, त्यापेक्षा हा आकडा बोलका आहे.

जे जगतात त्यांचा दुसरा परिणाम जुन्नर, खेड, आंबेगाव, शिरूरकडच्या ऐकणाऱ्या बायकांना जास्त कळेल. उसाच्या पट्ट्यात बिबट्या वस्तीत का येतो? अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या खाण्यातला 87 टक्के भाग पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे शिवेवर सोडलेली पिल्लं आणि उकिरड्यावर वाढलेली टोळी ही बिबट्याला घातलेली जेवणाची पंगतच आहे, आणि पंगत मांडल्यावर पाहुणा घरापर्यंत येतो. तुमचा राखणीचा कुत्रासुद्धा रात्री अंगणात साखळीला बांधू नका. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही. गोठ्यात, दार लावून ठेवा. आतून तो भुंकला तरी राखण होते.

म्हणून उपाय एकच, नसबंदीचं ऑपरेशन. ते झालं की कुत्री माजावर येत नाही, रक्त गळत नाही, नर दारात गोळा होत नाहीत, पिल्लं होत नाहीत. ज्या एका कारणासाठी मादी नको होती ते कारणच जातं. उरतो तो घर धरून राहणारा, न भटकणारा राखणदार. मला विचाराल तर, ऑपरेशन करून घेण्याची तयारी असेल तर मी डोळे झाकून मादी पिल्लू घ्यायला सांगेन. नर हवाच असेल तर त्याचंही ऑपरेशन करा. त्याने भटकणं, मारामाऱ्या, हद्द आखणं बऱ्यापैकी कमी होतं, भुंकणं आणि राखण कमी होत नाही. फक्त लक्षात ठेवा, नर ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना गाभण करू शकतो, तेवढे दिवस त्याला सांभाळायचं.

बैठकीत हे सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "इथंबी बाईचंच ऑपरेशन का?" प्रश्न अगदी रास्त आहे. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीवर भिस्त असलेली जोडपी होती 0.3 टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं असूनही हे असं आहे. कुत्र्यांतही नराचं ऑपरेशन हलकं असतं, कारण अवयव बाहेर असतो. मादीचं पोट उघडावं लागतं. पण कुत्र्यांचा संसार नसतो. गावातल्या दहा नरांपैकी नऊंचं ऑपरेशन झालं तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो. म्हणून पिल्लांची संख्या खरोखर कमी करायची तर माद्यांची ऑपरेशनं व्हावी लागतात. आपल्या घरातल्या पुरुषांना मात्र हे कारण देऊ देऊ नका.

काही समजुती फार पक्क्या आहेत. त्यातली सगळ्यात पक्की, "एकदा तरी व्याऊ द्यावी, नाहीतर तळतळाट लागतो" किंवा "वेत झालं नाही तर ती चिडकी होते." असं काही होत नाही. उलट पहिल्या-दुसऱ्या माजाच्या आत ऑपरेशन झालं तर पुढे स्तनात गाठी होण्याचा धोका कमी होतो. साधारण सहा महिन्यांच्या पुढे डॉक्टर ऑपरेशन करतात. नेमकं वय पिल्लाची तब्येत बघून तेच ठरवतील. दुसरी समजूत, ऑपरेशनने कुत्री आळशी आणि लठ्ठ होते. तिची भूक तेवढीच राहते आणि गरज कमी होते, म्हणून आपण जुन्या मापाने घालत राहिलो तर ती सुटते. भाकरी थोडी कमी करा, एवढंच.

तिसरी गोष्ट समजूत नाही, सवय आहे, आणि ती घातक आहे. माज थांबवायचं इंजेक्शन. स्वस्त पडतं म्हणून काही जण दर सहा महिन्यांनी देतात. त्या औषधाने गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनात गाठी होण्याचा धोका वाढतो. गर्भाशयात पू होणं हा ऑपरेशन न झालेल्या, वय वाढलेल्या कुत्रीचा मोठा शत्रू आहे, इंजेक्शन दिलं नाही तरी होतो. माज संपून महिना-दोन महिने झाले, आणि कुत्री एकदम खूप पाणी प्यायला लागली, खाईना, मरगळली, मागून घाण वासाचा स्राव आला किंवा स्राव न येताच पोट फुगलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. घरगुती औषधाने हे बरं होत नाही. आणखी एक रोग जुळण्यातूनच पसरतो, नरालाही आणि मादीलाही. फुलकोबीसारखी गाठ होते, थेंब थेंब रक्त येत राहतं. लोकांना वाटतं माज लांबलाय. आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं घेतली तर हा रोग सहसा पूर्ण बरा होतो, पण त्यासाठी कुणीतरी वेळेवर शेपूट उचलून बघायला हवं.

नर-मादी काही असो, पिसाळण्याच्या रोगाची लस दोघांनाही. पहिली तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, पुढे दर वर्षी. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमाराला ठिकठिकाणी लसीकरणाची शिबिरं होतात, चौकशी करून ठेवा. त्याआधी सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पार्वो आणि डिस्टेंपरची लस द्यावी. रक्ताचे जुलाब होऊन वेतच्या वेत दोन दिवसांत जातं ते बहुतेक पार्वोनेच. आणि पिल्लू जरी चावलं, दात जरी नुसता लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. लसीचे सगळे डोस घ्यायचे. तिखट, चुना, हळद, तेल काही लावायचं नाही. "पिल्लूच तर होतं" म्हणून थांबू नका, पिल्लालाही हा रोग होतो, आणि माणसात एकदा लक्षणं दिसली की त्यावर औषध नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे. उपाशी-तहानलेलं मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. एवढ्या दंडाला कोण घाबरणार, हे तुम्हीच सांगा. 10 मार्च 2023 ला कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नवे नियम निघाले. त्यात पाळलेल्या कुत्र्याची नसबंदी, लस आणि जंताचं औषध ही जबाबदारी मालकाची, आणि गल्लीतल्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे शहरात महापालिका, गावात ग्रामपंचायत, असं म्हटलेलं आहे. पकडलेला कुत्रा ऑपरेशन करून, लस देऊन सहसा होता तिथेच परत सोडायचा असतो. कानाला छोटी खाच दिसली तर समजा त्याचं ऑपरेशन झालंय, त्याला हुसकावू नका. तो असला की बाहेरचे नवे कुत्रे सहसा आत येत नाहीत. पुणे महापालिकेच्या हद्दीत घरच्या कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो.

गावाकडची अडचण मला माहीत आहे. ऑपरेशन करायला डॉक्टर कुठे मिळणार? श्रेणी 2 च्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक असतात, ते लस देतील पण पोटाचं ऑपरेशन करणार नाहीत, आणि कुणी "मी करतो" म्हणालं तरी करून घेऊ नका. पदवी घेतलेले डॉक्टर श्रेणी 1 च्या दवाखान्यात किंवा तालुक्याच्या पशु सर्वचिकित्सालयात भेटतात. सातारा-भोरकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. पशुसंवर्धन विभागाचा 1962 हा मोफत क्रमांक आहे, त्यावर जवळची सोय विचारता येते. एकटीने एक कुत्री घेऊन जाण्यापेक्षा गटाने जाणं सोयीचं. दहा घरांनी ठरवून डॉक्टरांकडे एक दिवस मागितला तर गाडी एक, फेरी एक, आणि डॉक्टरही ठरलेल्या दिवशी तयारीत असतात. खर्च आधी विचारून घ्या, औषधांसकट किती ते विचारा. ज्यांना एकदम पैसे जमत नाहीत त्यांना गटाच्या अंतर्गत कर्जातून देता येतं. पहिल्यांदा कुणी हा अर्ज आणला की सगळ्या हसतात. हसू द्या, ठराव लिहून घ्या. हे सगळं भाद्रपदाच्या आधी, आषाढ-श्रावणातच उरकायचं, कारण माजावर असताना ऑपरेशन केलं तर रक्तस्राव जास्त होतो आणि डॉक्टर बहुधा पुढची तारीख देतात.

ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही, म्हणजे भुलीत उलटी होऊन ती श्वासनळीत जात नाही. लहान पिल्लाला किती तास उपाशी ठेवायचं आणि पाणी कधी बंद करायचं ते डॉक्टरांना विचारा. जाताना जुनं गोधडं, दोरी आणि आधीच्या लसीचं कार्ड घ्या. घरी आणल्यावर ती काही तास झिंगलेली असेल, तिला उंच बाजेवर ठेवू नका आणि पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय पाणी पाजू नका. दहा-बारा दिवस आंघोळ नाही, पळापळ नाही, टाका चाटू द्यायचा नाही. त्यासाठी जुन्या बनियनच्या बाह्यांतून पुढचे पाय काढून ते पोटावर बांधलं तरी काम भागतं. टाक्याजवळ सूज वाढली, पाणी किंवा पू आला, दुसऱ्या दिवशीही तिने तोंड लावलं नाही, तर परत दाखवायचं. टाके काढायचे की आपोआप विरघळणारे आहेत हे निघतानाच विचारून घ्या, नाहीतर महिनाभराने कुणीतरी कात्री घेऊन बसतं.